वळणावरचा कोहळा

मद्रासच्या एका स्पोर्ट्स कार क्लबचा मी सात वर्षं सेक्रेटरी होतो आणि त्या सातही वर्षांत माझ्याकडे सायकल होती. हे सांगितलं की लोक हसतात. माझी बायको तर तेव्हाही हसायची. "नवरा मोटारींच्या क्लबचा सेक्रेटरी आणि बायको बसच्या दांड्याला लोंबकळतेय," असं ती शेजारणींना सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पुण्याहून मी मद्रासला आलो तो रेल्वेच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून. एकोणीसशे पन्नासच्या दशकाची अखेरची वर्षं असावीत. पेरांबूरला दोन खोल्या, दारात सायकल आणि खाटेखाली इंग्रजी मोटार मासिकांचा गठ्ठा. कारखान्यातल्या जीपवर मी गाडी शिकलो होतो, पण जीप चालवणं म्हणजे बैल हाकणं. माझ्या मनात होती ती बुटकी, उघडी, दोन माणसांची गाडी. माउंट रोडवरून तशी एखादी गेली की आवाजावरून तिचं इंजिन मी ओळखायचो आणि ती दिसेनाशी होईपर्यंत फुटपाथवर उभा राहायचो. असा छंद असलेला दुसरा एकच मराठी माणूस मला त्या शहरात भेटला, एग्मोरच्या गणेशोत्सवात. मासिक त्याच्याही बगलेत होतं.

तो तंजावरकडचा. त्याच्या घरचं मराठी पूर्वजांबरोबर तिकडे गेलेलं आणि तिथेच थांबलेलं. मधूनच तमिळ शब्द, आणि बोलण्याचा हेल तर पूर्ण तमिळ. पहिल्या दिवशी तो मला म्हणाला, "तुम्हीं पुणेकर इतक्या घाईनें कां बोलतां? गाडी सुटते की?" मी त्याच्या 'कां' ला हसलो, तो माझ्या घाईला, आणि आमची मैत्री जमली. त्याच्याकडेही तेव्हा सायकलच होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं. सावकाराच्या मुलाचा हेवा मी कधी केला नाही. तो वेगळ्या जातकुळीचा, त्याचं त्याच्यापाशी. आपल्याबरोबर सायकल चालवणारा माणूस गाडीत बसला, की मात्र पोटात दुखतं.

क्लबची कल्पना आम्हा दोघांची. शहरात गाड्या होत्या, पण एकमेकींना ओळखत नव्हत्या. एक दाताचा डॉक्टर, कॉफीच्या मळेवाल्यांची दोन मुलं, काही गोरे कंपनी अधिकारी, असे दहा-बारा जण आम्ही सायकलवर फिरून जमवले. महिन्यातल्या एका रविवारी पहाटे गिंडीला झाडांखाली जमायचं, वेलचेरीच्या भातखाचरांमधल्या रस्त्याने गाड्या पळवायच्या आणि परत येऊन कॉफी प्यायची. वर्षातून एकदा शहराबाहेरच्या, युद्धाच्या वेळच्या जुन्या विमानपट्टीवर वेगाची स्पर्धा. पत्रं टाइप करायची, परवानगी आणायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, निशाण आणि स्टॉपवॉच सांभाळायचं, ही सगळी कामं सेक्रेटरीची.

नियमही मीच लिहिले. त्यातला एक असा: 'स्वतःची स्पोर्ट्स कार असलेल्या सभासदालाच स्पर्धेत गाडी चालवता येईल.' मामाची गाडी उचलून आणणारी पोरं नकोत म्हणून तो केला होता. तो लिहिताना मी मनात मांडे खात होतो. गोरे लोक मायदेशी परत चालले होते, जाताना गाड्या मागे सोडत होते. वर्ष-दोन वर्षांत एखादी आपल्याही दारात येईल असं मला वाटत होतं. आली नाही. माझ्याच अक्षरातल्या नियमाने मला कुंपणाबाहेर ठेवलं.

आणि एक दिवस एका लाल गाडीची बातमी मला लागली. एक इंग्रज सभासद ती विकून परत निघाला होता, त्याने सगळ्यात आधी मला सांगितलं, कारण परिपत्रक मी काढायचो. ती गाडी घेणं मला शक्यच नव्हतं. तरी तीन दिवस मी ते परिपत्रक टाइप केलं नाही. रोज संध्याकाळी कारखाना सुटला की सायकल दामटत तिच्याकडे जायचो, फाटकातून बघायचो आणि परत यायचो. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही, मी ते मित्राला सांगितलं. नुसतं हळहळायला सोबत हवी म्हणून सांगितलं. त्याने तंजावरच्या आपल्या मामाला पत्र घातलं, जमिनीचा कुठला तरी तुकडा विकला गेला, आणि पंधरा दिवसांत गाडी त्याच्या दारात उभी राहिली.

तो मला घ्यायला पेरांबूरला आला. आख्खी गल्ली गोळा झाली. "चल की, बैस," तो म्हणाला. मी शेजारच्या सीटवर बसलो. सांगायला लाज वाटते, पण समुद्रापर्यंत जाऊन येईस्तोवर मी त्याच्या चुका मोजत होतो. गिअर उशिरा टाकला. ब्रेक दोनदा दाबला. वळण रुंद घेतलं. मला चालवायला मिळाली असती तर, हे एकच वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. दात आहेत त्याला चणे नाहीत, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "त्यालाही दात आहेत हो. तुम्ही कशाला मोजताय?"

पुढची तीन वर्षं मी त्याच्या गाडीवर जळलो. तो नीट चालवायला शिकला, तेव्हा तर जास्तच. लोक म्हणू लागले, क्लब म्हणजे ती लाल गाडी. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मनात म्हणायचो. बीळ दोघांनी मिळून खणलं होतं, हे सोयीने विसरायचो. आणि तो? दर महिन्याला मला घ्यायला यायचा. "सेक्रेटरी, तुझ्यावांचून रेघ कोण मारील?" म्हणायचा. त्याचा चांगुलपणा मला बोचायचा. एकदा तरी त्याने किल्ली पुढे करावी, एवढंच मला हवं होतं. मागायला मात्र माझा अभिमान आडवा यायचा, आणि त्याच्या ते ध्यानात येत नव्हतं.

त्याच्या आईला सगळे अम्मा म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. गाडीला अम्मा जपायच्या त्या वेगळ्याच तऱ्हेने. तिकडे नवी गाडी निघाली की चाकाखाली लिंबं ठेवतात आणि ती चिरडून गाडी पुढे नेतात. मोठ्या प्रसंगी कोहळा. कोहळ्याला खाच पाडून आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, गाडीवरून ओवाळायचा आणि जमिनीवर आपटून फोडायचा. वाईट नजर त्याच्याबरोबर फुटून जाते. क्लबातल्या गोऱ्यांनाही ते आवडायचं, ते फोटो काढायचे. आमच्या स्पर्धेच्या दिवशी सुरुवातीच्या रेघेमागे अम्मा कोहळा फोडायच्या आणि तुकडे मी झाडायचो. तेही सेक्रेटरीचं काम.

तिसऱ्या वर्षी अम्मांना कुणी तरी आपल्याला पडलेलं वाईट स्वप्न सांगितलं होतं. स्पर्धेच्या सकाळी त्या टॅक्सीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "इथें नको फोडायला. दृष्टी इथें कोठें असते? ती वळणावर बसलेली असते."

आमची स्पर्धा अशी होती. पट्टीवरून सरळ सुसाट जायचं, टोकाला वाळूने भरलेलं पिंप होतं, त्याला वळसा घालायचा आणि परत रेघेवर यायचं. गाडी चालवणाऱ्याची कसोटी त्या पिंपाशी. ब्रेक कुठे दाबायचा, चाक कुठून न्यायचं, हे मी आदल्या दिवशी चालत जाऊन मापलं होतं. पिंपाच्या आतल्या बाजूला हातभर रुंदीची जागा होती, चांगल्या गाडीचं पुढचं चाक तिथूनच जाणार. मी ती कुणाला दाखवली नाही. सरावात त्याने ती आपणहून शोधून काढली, त्याचाही मला राग आला होता.

तर अम्मांच्या हट्टापायी लाल गाडी वळणापर्यंत हळू नेली, तिथे तिला ओवाळलं आणि कोहळा पिंपाजवळ फुटला. सिमेंटवर पांढरा गर आणि लाल पाणी पसरलं. मग सगळे गाड्यांत बसून परत रेघेकडे गेले. मी मागे राहिलो, सायकल, झाडू आणि पाण्याची बादली घेऊन. पट्टीवर एवढी ये-जा चालत करता येत नाही म्हणून चहाच्या टेम्पोतून मी माझी सायकल नेहमी बरोबर आणायचो.

मी झाडलं. बादलीभर पाणीही मारलं. झाडू कॅरिअरला बांधला, सायकलवर टांग मारली आणि सहज मागे पाहिलं. एक तुकडा राहिला होता. तळहाताएवढा, उपडा, साल वर, गर खाली. बरोबर त्या हातभर जागेत.

मी पाहिला. हे वाक्य मी अनेक वर्षं वेगळं लिहून पाहिलं. मला उशीर झाला होता, तिकडून निशाण हलवून मला बोलावत होते, उन्हाने डोळे दिपले होते. सगळं खरं आहे. पण मी पाहिला, आणि मनात आलं, घसरू दे जरा. एकदा तरी गर्रकन फिरू दे ती गाडी सगळ्यांसमोर. मेला तर मरू दे, असं मनात नव्हतं. हसं व्हावं, एवढंच. मी पेडल मारलं.

अर्ध्या वाटेत सायकलची साखळी उतरली. मी उतरलो, बसून ती नीट चढवली, हात रुमालाला पुसले. मागे जाऊन तो तुकडा उचलून परत यायला तेवढा वेळ पुरला असता. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर जावं लागलं असतं.

पहिली फेरी त्याची होती. रेघेवर त्याने मला अंगठा दाखवला. मी निशाण टाकलं, स्टॉपवॉच दाबलं. गाडी सुटली तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, खरंच वाटलं. ओरडलो असतो तरी त्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसतं, आणि हे माहीत असल्यामुळेच बहुधा ओरडावंसं वाटलं असेल.

वळणावर गाडीची शेपटी झपकन बाहेर गेली. ती पिंपावर आडवी आदळली, उलटली आणि पट्टीकडेच्या खड्ड्यात गेली. तो आधीच बाहेर फेकला गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता आणि डावा कोपर उलट्या दिशेला वळलेला होता. अम्मा एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अय्यो, दृष्टी." माझ्या गळ्यात स्टॉपवॉच टिकटिकत होतं. इस्पितळात नर्सने ते काय वाजतंय म्हणून विचारलं तेव्हा मी ते थांबवलं.

अपघाताचा अहवाल लिहायचं काम अर्थात सेक्रेटरीचं. सभासदांत दोन तट पडले. डॉक्टर म्हणाले ब्रेक धरला नाही, मळेवाले म्हणाले टायर झिजला होता. मी लिहिलं, 'निश्चित कारण समजू शकले नाही.' अक्षर फार चांगलं आलं होतं.

तीन आठवड्यांनी त्याला घरी आणलं. मी भेटायला गेलो. हात प्लास्टरमध्ये, दोन बरगड्या मोडलेल्या. अम्मा स्वयंपाकघरात होत्या. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "चाकाखालीं कोहळा आला. मीं पाहिला, पण उशीर झाला. अम्माला सांगूं नको हं. तिनेंच तिथें फोडविला. तिला कळलें तर ती जेवणार नाहीं."

मी मान हलवली. मग तो म्हणाला, "तुझाही दोष नव्हे. एवढा मोठा कोहळा, तूं एकटा किती झाडशील?"

शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाल्ल्या असत्या. हे मला गिळता येईना.

तेवढ्यात अम्मा शेगडी घेऊन आल्या. दृष्ट काढायची होती. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी मुलावरून ओवाळल्या. "आल्याची गेल्याची, सोयऱ्याची धायऱ्याची, शत्रूची मित्राची, दिसल्याची न दिसल्याची..." मी भिंतीकडे बघत उभा. मग मूठ निखाऱ्यांवर पडली.

ही परीक्षा आमच्या पुण्यातही आहे. मिरच्या जळल्यावर खोलीतल्यांना ठसका लागला, तर दृष्ट नव्हती. कुणालाच लागला नाही, तर दृष्ट होती, आणि जबर होती. धूर उठला. माझ्या घशात आग शिरली. मी खोकणार तोच त्याच्याकडे पाहिलं. त्याने ओठ घट्ट मिटले होते, मोडक्या बरगड्यांवर हात दाबला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा मला कळलं. दृष्ट नाही असं ठरलं तर अम्मा दुसरं कारण शोधतील, आणि शोधता शोधता कोहळ्यापाशी येतील. तो आईसाठी खोकला दाबत होता. मीही दाबला. नखं तळहातात रुतवून, श्वास कोंडून मी उभा राहिलो. अम्मा तेवढ्यापुरता पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

"पाहिलेंस!" त्या म्हणाल्या. "एकालाही ठसका नाहीं. केवढी दृष्टी होती! कोणा मेल्याची असेल रे?"

तो म्हणाला, "जाऊं दे अम्मा. गेली आतां."

राख रस्त्यावर टाकायला त्या बाहेर गेल्या. "आतां खोक," तो कुजबुजला, आणि आम्ही दोघंही खोकलो. तो बरगड्या धरून कण्हत होता आणि मधूनच हसत होता. मलाही हसू आलं. गाडी त्याची, मोडलेलं हाड त्याचं, आणि मोठं मनही त्याच्याच वाट्याला. त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवा वाटला.

कोपर जुळला तो आखडूनच. डाव्या हाताने गिअर टाकताना तो हात पूर्ण वळेना. गाडी मात्र गिंडीच्या एका कारागिराने वर्षभरात उभी केली, पूर्वीइतकीच लाल. पुढच्या स्पर्धेआधीच्या सभेत तो उठला आणि म्हणाला, "सेक्रेटरीचा एक नियम मोडायचा आहे. माझी गाडी यंदा तो चालवील." सगळ्यांनी हात वर केले. ठराव मला वहीत लिहावा लागला.

मी ती किल्ली घेतली नाही, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी घेतली. चार वर्षं मी तिच्यासाठी जळलो होतो, ती त्याने तळहातावर ठेवून पुढे केली आणि मी घेतली.

कोहळा त्या वर्षी रेघेमागेच फुटला. स्टॉपवॉच त्याच्या गळ्यात होतं. निशाण पडलं आणि गाडी माझ्या पायाखाली उठली. पहिले काही क्षण मी इतका सुखी होतो की त्याची आठवणही झाली नाही. मग पिंप दिसलं, आणि ती हातभर जागा दिसली. सिमेंट कोरडं, स्वच्छ होतं. तरी माझा पाय ब्रेकवर गेला आणि निघेना. गाडी वळणावर येऊन चक्क उभी राहिली. मागे रेघेवर सगळे हात हलवत होते. मी पुन्हा गिअर टाकला आणि बैलगाडीसारखा पिंपाला वळसा घालून परत आलो.

माझी वेळ क्लबच्या इतिहासातली सगळ्यात वाईट होती. लोक हसले. डॉक्टर म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही निशाणच धरा." मी उतरलो. तो घड्याळ घेऊन जवळ आला, त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"काय झालें? वळणावर कां थांबलास? कांहीं होतें तिथें?"

"तुकडा होता," मी म्हणालो.

"आज?"

"आज नाही. मागच्या वर्षी. झाडून झाल्यावर मी पाहिला होता."

मागे अम्मा मोसंबी सोलून सभासदांना वाटत होत्या, माझ्यासाठीही एक बाजूला ठेवली होती. त्याने वहीत माझी वेळ लिहिली. मग आखडलेला डावा हात जेवढा पुढे येत होता तेवढा पुढे केला.

"किल्ली दे."

मी दिली. तो गाडीत बसला. डाव्या हाताने गिअर पडेना, तेव्हा उजवा हात स्टिअरिंगवरून काढून, छातीपुढून आडवा नेऊन त्याने गिअर टाकला आणि गाडी हळूहळू पट्टीवरून वळणाकडे निघाली. अम्मांनी मला विचारलं, हा कुठे चालला? मी माहीत नाही म्हणालो, आणि सायकलला झाडू बांधायला लागलो.